अंजिराची कोणती झाडं ठेवायची, कोणती काढायची

पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी ओल्या मातीत खोचली की अंजीर बहुतेकदा जगतं. त्यामुळे छाटणीतल्या काड्या टाकवत नाहीत, कोणी प्रेमानं दिलेल्या काडीला नको म्हणवत नाही, आणि चार-पाच वर्षांत कुंड्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. माझ्याकडे एका टप्प्यावर ३४ झाडं झाली होती. ज्यांची फळं मी खरोखर आवडीनं खात होतो अशी झाडं मोजली, तर ती ९ निघाली. उरलेली २५ त्या नवांचं ऊन, पाणी आणि माझा वेळ घेत होती. सगळ्यांत चवदार फळ देणारं झाड दोन हंगाम एका भल्यामोठ्या पानांच्या झाडामागे सावलीत उभं होतं आणि पुढच्या त्या झाडाची फळं पाणचट होती. हे लक्षात आलं तेव्हा फार वाईट वाटलं.

त्यानंतर मी विरळणी करायला शिकलो. पूर्ण व्हायला तीन हंगाम लागले. वाणाचं नाव, त्याची कीर्ती, त्याचं दुर्मीळपण या गोष्टी निर्णयाच्या वेळी बाजूला ठेवाव्या लागतात. तुमच्या जागेत, तुमच्या पावसात आणि उन्हात पिकलेलं फळ कसं आहे, एवढंच पाहायचं असतं.

आधी आकडा, मग नावं

झाडांकडे पाहायच्या आधी जागेकडे पाहा. फळ भरायला अंजिराला दिवसाचे किमान सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. एका मोकळ्या दिवशी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी जमिनीवर खडूनं उन्हाची कडा आखा. तिन्ही वेळा उन्हात असलेला भाग हीच तुमची खरी जागा. ऊन नसलेल्या कोपऱ्यात झाड जगतं, वाढतं, पानं छान देतं, पण फळाला गोडी येत नाही.

मग त्या जागेत मोठी झालेली झाडं किती मावतील ते मोजा. आजची दहा लिटरची कुंडी मोजू नका. कुंडीतल्या फळत्या झाडाला चाळीस ते साठ लिटर माती लागते, आणि दोन झाडांची पानं एकमेकांना घासणार नाहीत इतकं अंतर लागतं. जमिनीत लावायचं असेल तर दोन झाडांमध्ये तीन ते पाच मीटर सोडा.

पाण्याचाही हिशेब करा. कडक उन्हात कुंडीतलं मोठं अंजीर रोज पाणी मागतं. एका संध्याकाळी घड्याळ लावून सगळ्या कुंड्यांना पाणी घाला आणि किती मिनिटं गेली ते लिहून ठेवा. माझा आकडा पन्नास मिनिटांचा आला होता. रोज पंचवीस मिनिटं देणं मला जमण्यासारखं होतं, म्हणून माझी मर्यादा पंधरा झाडांवर ठरली. आकडा आधी ठरला की पुढचं सोपं होतं, कारण मग ‘हे झाड वाईट आहे का’ हा प्रश्न उरत नाही. पहिल्या पंधरांत ते बसतं का, एवढंच पाहायचं राहतं.

झाड कोणत्या प्रकारचं आहे?

अंजिराचे ढोबळ चार प्रकार आहेत. साध्या प्रकारात परागीभवनाशिवाय फळ पिकतं. घरगुती लागवडीतले बहुतेक वाण याच प्रकारातले. स्मर्ना प्रकाराला ब्लास्टोफागा सेनेस नावाची चिमुकली गांधीलमाशी लागते. ती नर अंजिरातून पराग आणते, तेव्हाच फळ टिकतं. सॅन पेद्रो प्रकारात जुन्या काडीवरचा पहिला बहार माशीशिवाय पिकतो, पण नव्या फुटीवरच्या मुख्य बहाराला माशी लागते. चौथा प्रकार नर झाडांचा, म्हणजे कॅप्रीफिगचा. त्याची फळं साधारणपणे खाण्याजोगी नसतात.

हा भेद माहीत नसला की माणूस वर्षानुवर्षं झिजतो. कॅलिफोर्नियात १८८०च्या दशकात स्मर्ना अंजिराच्या काड्या नेऊन बागा उभ्या केल्या गेल्या. झाडं जोमानं वाढली, पण फळं कोवळी असतानाच गळत राहिली. १८९९ मध्ये ती माशी तिथे रुजली, तेव्हा कुठे तो वाण फळाला आला. तुमच्या भागात ही माशी नसेल, तर स्मर्ना प्रकाराचं झाड कितीही नावाजलेलं असलं तरी घरच्या बागेत त्याला जागा देऊ नका. या एका बाबतीत मी जराही थांबत नाही.

बियांपासून उगवलेल्या झाडांचंही तसंच. त्यातली साधारण निम्मी नर निघतात, आणि उरलेल्या मादी झाडांपैकी बऱ्याच झाडांना माशी लागते. प्रयोगाची हौस आणि मोकळी जागा दोन्ही असतील तरच ती ठेवावीत.

पण फळ गळतं म्हणजे झाड स्मर्नाच, असं लगेच धरू नका. पाण्याचा ताण, नत्राचा मारा, कुंडीत गच्च झालेल्या मुळ्या आणि झाडाचं कोवळं वय यांमुळेही साध्या अंजिराची फळं गळतात. झाड तीन वर्षांचं झालेलं असेल, पाणी नियमित असेल, ऊन भरपूर असेल, आणि तरीही गोटीएवढी झालेली फळं लागोपाठ दोन हंगाम पिवळी पडून, सुरकुतून गळत असतील, तरच प्रकारावर संशय घ्या.

सॅन पेद्रोची गोष्ट वेगळी आहे. माशी नसलेल्या भागात डेझर्ट किंगसारख्या वाणाचं सगळं पीक गेल्या वर्षीच्या काडीवर येतं. दरवर्षी सगळ्या फांद्या आखूड कापल्या तर फळं कात्रीनंच काढून टाकल्यासारखं होतं. असं झाड काढायच्या आधी एक वर्ष निम्म्या फांद्या न छाटता ठेवून पाहा.

एकच झाड दोन नावांनी

अंजिराच्या नावांत फार गोंधळ आहे. अंजिराचे अमेरिकी अभ्यासक आयरा कॉन्डिट यांनी १९५५ मध्ये जगभरातल्या वाणांची सविस्तर नोंद प्रसिद्ध केली. तीत सहाशेहून अधिक वाण आहेत आणि एकाच वाणाची अनेक नावंही पानोपानी भेटतात. डोत्तातो आणि कडोटा हे एकच. नेग्रोन आणि व्हायोलेट द बोर्दो ही नावंही एकाच वाणासाठी वापरली जातात. हार्डी शिकागोसारखी काळसर फळांची कितीतरी झाडं ‘माउंट एटना’ गटात मोडतात आणि त्यांच्यात फरक सापडणं महाकठीण असतं.

त्यामुळे जुळी झाडं शोधणं हे विरळणीतलं सर्वांत कमी दुःखाचं काम. पानांवर फार विसंबू नका. एकाच झाडावर अखंड, तीन पाकळ्यांची आणि पाच पाकळ्यांची पानं सापडतात. संशय असलेली दोन झाडं सारख्या आकाराच्या कुंड्यांत, सारख्या मातीत, शेजारी शेजारी एक हंगाम ठेवा. फळाचा आकार, सालीचा रंग, गराचा रंग, देठाची लांबी, डोळ्याची (देठाच्या विरुद्ध टोकाच्या बारीक भोकाची) ठेवण आणि पिकण्याचा काळ जुळला, तर त्यातलं जोमदार झाड ठेवा आणि दुसरं काढा. नाव वेगळं आहे एवढ्यासाठी दोन्ही सांभाळू नका.

वही ठेवा, आठवणीवर जाऊ नका

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. हंगाम संपल्यावर आठवतं ते एखादं अप्रतिम फळ किंवा एखादं किडकं फळ. मधली चाळीस फळं विसरलेली असतात.

प्रत्येक झाडावर तीन फळं निवडा. ती वाटाण्याएवढी असतानाच देठाजवळ सैलसा रंगीत दोरा बांधा आणि तारीख लिहा. पिकल्यावर तोडाल ती तारीखही लिहा. लवकर येणारे वाण साधारण अडीच महिन्यांत पिकतात, उशिराचे साडेतीन ते चार महिने घेतात. तुमच्याकडे थंडी किंवा पाऊस लवकर येत असेल तर हा एक आकडाच कित्येक नामांकित वाणांचा निकाल लावतो. ब्लॅक मडेराची चव अलौकिक असते, पण तो उशिरा येतो. हंगाम आखूड असेल तर फांदीवर हिरवी फळं तशीच राहून जातात.

फळ पूर्ण पिकल्याशिवाय गुण देऊ नका. तोडलेलं कच्चं अंजीर घरात ठेवून पिकत नाही, फक्त मऊ पडतं. मधले काही आठवडे ते जागच्या जागी थांबल्यासारखं वाटतं आणि शेवटच्या थोड्याच दिवसांत झपाट्यानं फुगतं, रंग बदलतं, साखर भरतं. मान वाकून फळ खाली लोंबू लागलं, साल सैल पडून तिच्यावर बारीक पांढरट रेघा उमटल्या, बोटानं दाबल्यावर गर हलला आणि तोडल्यावर देठातून चीक जवळजवळ आलाच नाही, की ते पिकलं. काही वाणांत डोळ्याशी मधासारखा एक थेंब येऊन थांबतो. सकाळच्या उन्हात तो चमकताना पाहिला की मी वही बाजूला ठेवतो आणि आधी ते फळ खातो.

चव घेताना एक पद्धत पाळा. त्या दिवशी पिकलेली सगळी फळं एकाच वेळी तोडा, उभी चिरा आणि ताटात मांडा. ताटाच्या कडेला नावांऐवजी क्रमांक लिहा. घरच्यांना खायला द्या आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपा. नाव माहीत असलं की जीभ खोटं बोलते. मी काड्या मिळवायला दोन वर्षं खटपट केलेल्या वाणाला घरात सगळ्यांनी ‘साखरपाणी’ म्हटलं, आणि कोपऱ्यातल्या नाव नसलेल्या झाडाच्या फळाला दुसऱ्यांदा हात घातला. ही चाचणी हंगामात तीनदा घ्या: सुरुवातीला, ऐन भरात आणि एखाद्या पावसानंतर. रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजायचं छोटं उपकरण) असेल तर त्यावरचा ब्रिक्सचा आकडाही लिहा, पण त्यातून फक्त विरघळलेल्या साखरेचा अंदाज येतो. आंबटगोडाचा तोल, गराचा घट्टपणा आणि सालीचा कडवटपणा त्यात दिसत नाही.

फळाचा डोळा

देठाच्या विरुद्ध टोकाला असलेलं ते बारीक भोक म्हणजे डोळा. घरच्या बागेत मी चवीच्या खालोखाल महत्त्व याला देतो. डोळा उघडा असला की पावसाचं पाणी, मुंग्या, फळमाश्या आणि बारीक भुंगे थेट गरात शिरतात. एका पावसाळी आठवड्यानंतर मी दोन फळं शेजारी शेजारी चिरली होती. एकाचा डोळा मिटलेला, गर लालसर आणि कोरडा चिकट. दुसऱ्याचा डोळा टाचणीच्या डोक्याहून मोठा. चिरताच आतून शिरक्याचा वास आला, गर तपकिरी पडून फेसाळला होता आणि त्यात दोन फळमाश्या होत्या. बाहेरून दोन्ही फळं तितकीच सुंदर दिसत होती.

पिकण्याच्या काळात पाऊस किंवा दमटपणा असेल, तर मिटल्या डोळ्याचे वाण आधी निवडा. सेलेस्ट यासाठी प्रसिद्ध आहे. हवा कोरडी असेल तर हा नियम सैल करायला हरकत नाही. वहीत प्रत्येक झाडापुढे तीन आकडे मांडा: एकूण पिकलेली फळं, त्यांतली तडकलेली आणि त्यांतली आंबलेली. निम्म्याहून जास्त फळं दोन हंगाम वाया जात असतील तर उरलेल्यांची चव कितीही चांगली असो, ते झाड तुमच्या जागेचं नाही.

दोष झाडाचा की आपला?

माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक इथली आहे. दुसऱ्या वर्षाची फळं पाणचट लागली म्हणून मी एक झाड देऊन टाकलं. तीन वर्षांनी त्याच झाडाचं फळ खाल्लं आणि पुन्हा काडी मागून घेतली. अंजिराची पहिली फळं बहुतेकदा फिकी, पोकळ किंवा आकारानं वेडीवाकडी असतात. लागवडीनंतरच्या तिसऱ्या वर्षाआधी चवीवरून कोणतंही झाड काढू नका.

झाडाला ‘नापास’ म्हणण्याआधी कुंडीतून गड्डा काढून मुळ्या बघा. त्या गोल गोल फिरून दाट जाळं झालं असेल तर कडेच्या मुळ्या छाटून नवी माती द्या आणि आणखी एक हंगाम पाहा. मुळ्यांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर त्या सूत्रकृमींच्या, म्हणजे मातीतून मुळ्यांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या. अशा झाडाचा वाण चांगला असेल तर वरच्या, जमिनीला न टेकलेल्या फांदीची काडी घेऊन स्वच्छ मातीत नव्यानं सुरुवात करा. जुनं झाड आणि त्याची माती बागेत कुठेही पसरू देऊ नका. पानं गर्द हिरवी, फुटवे हात-हातभर लांब आणि फळ मात्र नाही, असं असेल तर नत्र जास्त झालं आहे. खत थांबवून वाट पाहा.

मोझॅक रोगाबद्दल थोडं सविस्तर. पानांवर पिवळे, अनियमित चट्टे, वाकडी पानं, ही त्याची लक्षणं. विषाणू काडीतून नव्या झाडात जातो आणि असेरिया फायकस नावाचे, डोळ्यांना न दिसणारे कोळी तो पसरवतात. घरी त्यावर उपाय नाही. पण हा रोग अंजिरांत इतका पसरलेला आहे की नुसते चट्टे दिसले म्हणून झाडं काढू लागलात तर बाग रिकामी होईल. झाड जोमानं वाढत असेल आणि फळ चांगलं देत असेल तर ठेवा. दरवर्षी खुरटलेलं, कोवळी फळं टाकणारं आणि फुटीच्या फुटी वाळवणारं झाड मात्र काढाच, आणि त्याच्या काड्या कोणाला देऊ नका.

तांबेरा साधारणपणे उशिरा येतो आणि पानं झडतात. फळ आधी उतरलं असेल तर फारसं नुकसान होत नाही, त्यामुळे तेवढ्यावरून झाड काढत नाही.

निवड

आता वही उघडा आणि फळांचे गट पाडा. पिवळसर गराची, मधासारखी गोड. तांबूस-तपकिरी गराची, साखरेच्या पाकासारखी. गडद लाल गराची, किंचित आंबूस आणि दाट चवीची. प्रत्येक गटात सर्वांत वरची दोन झाडं आधी ‘ठेवा’मध्ये घाला. एकाच गटातलं पाचवं झाड वाईट नसलं तरी ते नवीन काही देत नाही.

मग पिकण्याच्या तारखा पाहा. दहा झाडं एकाच पंधरवड्यात पिकली तर खाऊन संपत नाहीत आणि पुढचे दोन महिने ताट रिकामं. लवकर, मध्य आणि उशिरा अशी चार झाडं त्याहून जास्त आनंद देतात. वाळवायची फळं हवी असतील तर पाणी कमी असलेली, कडोटासारखी जात एक तरी असू द्या. शिवाय एक भरवशाचं झाड ठेवा. ब्राउन टर्कीची चव पहिल्या पाचांत येणार नाही, पण वाईट वर्षीही त्याच्यावर फळं लागतात. मी ते तेवढ्यासाठी ठेवलं आहे.

आठवणींसाठी ठेवलेलं झाडही असतं. मला पहिली काडी देणारे काका आता नाहीत. त्यांचं झाड सामान्य फळ देतं आणि ते माझ्याकडे राहणार आहे. फक्त ते पंधरांत मोजलेलं आहे.

अजून ठरत नसेल तर ऐन हंगामात आठ दिवस स्वतःकडे लक्ष ठेवा. सकाळी बागेत गेल्यावर पाय आधी कोणत्या झाडाकडे वळतात ते लिहा. आठ दिवसांत एकदाही ज्याच्याकडे गेला नाहीत, ते काढायच्या यादीत टाका. मधल्या झाडांना एक वर्षाची मुदत द्या, आणि ती पाटीवर महिना-वर्षासकट लिहा. न लिहिलेली मुदत कधीच संपत नाही.

काढण्याआधी काडी राखा

पानगळ झाल्यावर, झाड सुप्त असताना, १५ ते २० सेंटिमीटर लांबीच्या, तीन-चार पेरांच्या काड्या घ्या. किंचित ओलसर कागदात गुंडाळून, नाव लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत फ्रिजमध्ये ठेवा. काही महिने त्या टिकतात. चूक झाली असं वाटलं तर परतीची वाट राहते, आणि त्या आधारानं हात चालतो. ज्या वाणाची थोडीच फळं पुरतात, त्याची एक फांदी ठेवलेल्या झाडावर पाचर कलमानं (काडीचं टोक पाचरीसारखं तासून फांदीच्या चिरेत बसवून) बांधा. जमिनीत मुरलेलं, जोमदार मुळ्यांचं पण बेचव फळांचं झाड असेल तर ते उपटूच नका. खोड कमरेएवढं कापून त्यावर चांगला वाण चढवा. कळ्या फुगायच्या सुमारास, चीक कमी असताना कलम लवकर जुळतं.

देऊन टाकायचं असेल तर खरं सांगून द्या: फळ कसं आहे, डोळा उघडा आहे का, मोझॅक आहे का. तुमच्या दमट जागेत आंबणारं फळ कोरड्या हवेत उत्तम पिकू शकतं. सूत्रकृमी असलेलं झाड मात्र देऊ नका.

कापताना लांब बाह्या आणि हातमोजे घाला. अंजिराचा चीक त्वचेला लागून त्यावर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि त्यांचे डाग बरेच दिवस राहतात. काम संध्याकाळी करा आणि लगेच साबणानं हात धुवा. कापलेल्या फांद्या ओल्या मातीवर पडू देऊ नका, तिथेच मुळ्या धरतात. जमिनीतलं झाड काढल्यावर राहिलेल्या मुळ्यांतून फुटवे येत राहतील. ते एक-दोन हंगाम दिसतील तसे खुडावे लागतात.

रिकाम्या झालेल्या जागा वर्षभर तशाच राहू द्या. मागची झाडं पुढे सरकवा, कुंड्यांमध्ये हात जाईल इतकं अंतर सोडा आणि नवीन काडी लावायची असेल तर आधी यादीतलं कोणतं झाड जाणार ते पाटीवर लिहा. सावलीतलं माझं ते झाड पुढे आणल्यावर पहिल्याच हंगामात त्याची फळं बारा दिवस लवकर पिकली. वहीतल्या दोऱ्याच्या तारखांवरूनच ते कळलं.